बंद कपाटातला सेट टॉप बॉक्स न् अँप बाहेरच्या रिमोटनं कसा चालवायचा

आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात दिवाळीच्या आधी हॉलचं फर्निचर केलं. टीव्ही भिंतीवर, त्याच्या खाली लांबलचक कपाट, त्याला बंद दारं, आणि आत सेट टॉप बॉक्स, आप्पांचा अँप, म्हणजे गाण्याचा आवाज स्पीकरला देणारा अँप्लिफायर, डीव्हीडी प्लेअर, राउटर सगळं. हॉल मोकळा झाला, वायर एक दिसत नव्हती, आलं-गेलेलं माणूस कौतुक करून जायचं. पण आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चॅनेल बदलायचा म्हटलं की खुर्चीतून उठायचं, वाकायचं, दार उघडायचं, न् मग रिमोट दाबायचा, आणि त्यांचे गुडघे दुखतात. पहिले काही दिवस दार उघडंच राहायला लागलं, नंतर आप्पांनी टीव्ही लावणंच कमी केलं. काही बोलले नाहीत ते, पण माझ्या लक्षात आलं न् फार वाईट वाटलं, मग मी ह्या विषयाच्या मागंच लागले.

म्हणून आधीच सांगते, ह्यावर उपाय चार-पाच आहेत पण मी ते सगळे एकाच मापानं मोजलेत: घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात आज जो रिमोट आहे तोच राहिला पाहिजे, बटणं तीच, खुर्ची तीच, आणि तरी दार बंद पाहिजे. तुमच्या घरात सगळी तरणी माणसं असतील तर तुमचं उत्तर वेगळं येईल, तेही खाली आहे.

पहिलं काम, तुमचा कुठला रिमोट कशावर चालतो ते बघा. साधा रिमोट इन्फ्रारेडवर चालतो, म्हणजे पुढच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो तो डोळ्यांना न दिसणारा उजेड फेकतो, ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि तो उजेड सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, त्या लुकलुकण्याच्या तुकड्यांमधून 'आवाज वाढव' की 'चॅनेल पुढं' ते बॉक्सला कळतं. उजेडच तो, त्यामुळं लाकूड, प्लाय, सनमाइका ह्यातून पलीकडं जात नाही. तपासायचं असेल तर मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा न् बटण दाबा, जांभळट-पांढरा ठिपका चमकला की रिमोट इन्फ्रारेडचा आहे आणि सेलही बरे आहेत. मागच्या कॅमेऱ्यानं बघू नका, बऱ्याच फोनला मागच्या बाजूला हा उजेड अडवणारा फिल्टर असतो न् उगाच रिमोट बंद पडला असं वाटतं.

ठिपका दिसला नाही तर तो रिमोट ब्लूटूथचा असू शकतो, फायर टीव्ही स्टिकचा तसाच आहे. तो लाकडाच्या दारातून आरामात चालतो, त्याला काहीच करायला नको. पण एक गोम आहे. फायर स्टिकच्या रिमोटवर आवाजाची आणि पॉवरची बटणं असतात ती टीव्हीसाठी इन्फ्रारेडच फेकतात. टीव्ही बाहेर भिंतीवर असला तर ठीक, पण आवाज आतल्या साउंडबारमधून निघत असेल तर चॅनेल बदलतोय न् आवाज मात्र हलत नाही असं होतं, आणि माणसाला वाटतं रिमोट अर्धा बिघडलाय. बिघडलेला नसतो.

आता फर्निचर अजून व्हायचं असेल तर तुम्ही नशीबवान आहात, कारण सगळ्यात चांगला उपाय दारातच आहे. दाराला मधे जाळी घ्या. वेताची जाळी असू दे, लाकडी पट्ट्यांची, सीएनसी मशीनवर कापलेली, नाहीतर स्पीकरला लावतात तसं कापड ताणून बसवलेलं, ह्या सगळ्यातून रिमोटचा उजेड जातो आणि हवाही जाते. साध्या काचेतून जातो. काळपट किंवा गडद लाल अॅक्रिलिकमधून बऱ्याचदा चांगला जातो, आतलं काही दिसत नाही न् रिमोट चालतो, पण घ्यायच्या आधी दुकानात तुकडा मागून बघा, बॉक्ससमोर धरायचा न् लांबून रिमोट मारायचा. आरशासारख्या चमकणाऱ्या काचेवर मात्र विश्वास ठेवू नका. आमच्या मिस्त्रींना मी नंतर विचारलं की दाराला जाळी का नाही सुचवली, तर म्हणाले, "वैनी, तुमी म्हणला आतलं कायबी दिसाय नको, म्या तसंच केलं की वो." त्यांचं बरोबरच होतं, मीच रिमोटचं बोलले नव्हते. तेव्हा मिस्त्रींना माप देतानाच 'आत रिमोटवर चालणाऱ्या वस्तू ठेवणार आहे' हे एक वाक्य सांगा, पुढचं निम्मं काम वाचतं.

दारं झाली असतील, आमच्यासारखी, तर मग आयआर (म्हणजे इन्फ्रारेड) रिपीटर घ्या. काही ठिकाणी ह्याला आयआर एक्स्टेंडर म्हणतात. किटमध्ये तीन गोष्टी येतात. एक छोटा डोळा, तो बाहेर लावायचा, तो रिमोटचा उजेड पकडतो. एक काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी, ती आत राहते, तिला पाच व्होल्टचा करंट लागतो म्हणजे मोबाईलचा साधा चार्जर चालतो. आणि पातळ वायरच्या टोकाला शेंगदाण्याएवढे एमिटर, ते प्रत्येक मशीनच्या तोंडावर चिकटवायचे, ते आतल्या आत तोच उजेड परत फेकतात. रिमोट तोच, बटणं तीच, घरात कुणाला काही शिकवायला नको, म्हणून आमच्याकडं हाच बसवला. घेताना एमिटर किती आहेत ते मोजा, आतल्या मशीनपेक्षा एक तरी जास्त असू दे, आणि डोळ्याची वायर पुरेल का ते दोरी लावून मोजून जा, नुसत्या अंदाजानं घेतलं तर हमखास कमी पडते.

बसवायचा कसा ते नीट सांगते, कारण किटमधला कागद चार ओळींचा असतो आणि बारीकसारीक काही त्यात नसतंच.

आधी काहीच चिकटवू नका. डबी, डोळा, एमिटर सगळं जमिनीवर जोडा न् चालतंय का बघा. डोळ्याची पिन आणि एमिटरची पिन दिसायला सारखीच असते, ३.५ एमएमची, हेडफोनसारखी, पण आतनं वेगळी असते, डोळ्याला करंटही लागतो न् सिग्नलही, म्हणून त्या अदलाबदल करायच्या नाहीत, डबीवर काय लिहिलंय ते वाचूनच घाला.

मग मशीनचा सेन्सर शोधा. सेट टॉप बॉक्सच्या काळ्या तोंडावर तिरपी बॅटरी मारली की आत एक गोल भिंग दिसतं, तोच. नाही दिसला तर रिमोटच्या टोकाला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा, तिला सुईनं एक बारीक भोक पाडा, रिमोट अगदी जवळ धरून डावीकडून उजवीकडं सरकवत बटण दाबत जा, जिथं बॉक्स ऐकायला लागेल तिथं सेन्सर. टेप न लावता केलंत तर कुठूनही चालतं न् काहीच कळत नाही. सापडला की त्यावर एमिटर साध्या सेलोटेपनं लावा आणि दोन दिवस वापरून बघा, मगच त्याच्या पाठचा चिकट कागद काढा. तो एकदा निघाला की दुसऱ्यांदा तसा चिकटत नाही.

डोळा कुठं लावायचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कपाटापाशी उभं राहून मिळत नाही. मी आप्पांच्या खुर्चीत बसले, ते जसा हात मांडीवर टेकवून रिमोट धरतात तसा धरला, आणि समोर काय दिसतंय ते बघितलं. मधे टीपॉय होता. डोळा कपाटाच्या खालच्या कडेला लावला असता तर टीपॉयवरच्या पेपरच्या गठ्ठ्यानं अडला असता. म्हणून वरच्या फळीच्या पुढच्या कडेखाली लावला. टीव्हीला अगदी खेटून लावू नका, काही टीव्हीच्या उजेडात पण इन्फ्रारेड असतो न् डोळा गोंधळतो, वीतभर तरी लांब ठेवा. आणि ऊन बघा. आमच्या हॉलला पश्चिमेची खिडकी आहे, चार-साडेचारनंतर तिरपं ऊन बरोबर डोळ्यावर यायचं, उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो, त्यात रिमोटचा उजेड बुडून जातो. दुपारी चालतंय न् संध्याकाळी चालत नाही असं झालं की आधी पडदा ओढून बघा, किट बदलायला पळू नका.

वायर बाहेर काढायला भोक पाडावं लागतं. मिस्त्री तयार नव्हते, "सनमाइकाला भोक पाडलं की शो जातोय वैनी." मग आम्ही पाठीमागच्या प्लायला भोक पाडलं, वायर पाठीमागनं वर घेतली आणि फळीच्या खालच्या बाजूनं पुढं आणली, समोरून काहीच दिसत नाही. दाराच्या बिजागरीच्या फटीतूनही काही लोक काढतात पण दार रोज उघड-बंद होऊन वायर चेपते, तसं करू नका.

आता जिथं मी स्वतः आठ दिवस अडकले ते सांगते. डबीला करंट लागतो म्हणून मी तिची यूएसबी सेट टॉप बॉक्सच्याच पाठीमागच्या यूएसबीत घातली, वाटलं एक चार्जर वाचला. दिवसा सगळं चाललं. रात्री बॉक्स बंद केला न् सकाळी चालूच होईना! बॉक्स स्टँडबायला गेला की त्याच्या यूएसबीचा करंट बंद व्हायचा, म्हणजे डबी बंद, म्हणजे 'चालू हो' असं बॉक्सला सांगणारं कुणी उरलंच नाही. सगळेच बॉक्स असं करतात असं नाही, पण तुम्ही डबीला वेगळा चार्जरच द्या, कायम चालू राहणाऱ्या पॉइंटवर.

दुसरी अडचण म्हणजे एक बटण दाबलं की दोनदा लागतं, किंवा डबीवरचा छोटा दिवा सारखा लुकलुकत राहतो. ह्याचा अर्थ आतला एमिटर जो उजेड फेकतोय तो कुठल्यातरी फटीतून परत बाहेरच्या डोळ्यापर्यंत पोचतोय, किंवा दार उघडं असल्यानं बॉक्सला रिमोटचा सरळ उजेड पण मिळतोय न् एमिटरचा पण. एमिटरवर काळी टेप लावून सेन्सरसकट झाकून टाका, बहुतेक वेळा तेवढ्यानं थांबतं.

काही अँपच्या पाठीमागं 'रिमोट इन' लिहिलेलं ३.५ एमएमचं भोक असतं, तुमच्या अँपला ते असेल तर कंपनीच्या माहितीपुस्तकात त्याला काय चालतं ते वाचा, काही वेळा एमिटर चिकटवायचीच गरज पडत नाही.

ज्या घरात सगळे मोबाईलवर सराईत आहेत त्यांच्यासाठी वाय-फायचा आयआर ब्लास्टर आहे, ब्रॉडलिंकसारखे. तो कपाटाच्या आतच, मशीनच्या समोरच्या बाजूला ठेवायचा, दार बंद केलं की त्याचा उजेड दाराच्या आतल्या बाजूवर आपटून सगळीकडं पसरतो. फोनच्या अॅपमधून चालतो, अलेक्साला मराठमोळ्या इंग्लिशमध्ये सांगितलं तरी ऐकतो. जोडताना एक लक्षात ठेवा, ह्यातले बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात, राउटरचं पाच गिगाहर्ट्झचं नाव निवडलं तर कितीही वेळ बसलात तरी जोडत नाही. पण मी हा आमच्या घरात बसवला नाही, कारण नेट गेलं की गाडी अडते, आणि आप्पांना चॅनेल बदलायला आधी चष्मा, मग फोन, मग अॅप, ते मला पटत नाही. लोखंडी कपाट असेल तर वाय-फाय न् ब्लूटूथ दोन्ही दबतात, तिथं रिपीटरच बरा, आणि राउटरही बाहेर काढा.

एक फुकटातला उपाय आहे, तो सगळ्यांनी आधी करून बघावा. एचडीएमआयच्या वायरमध्ये एक बारीक तार फक्त हुकूम पोचवायला ठेवलेली असते, त्याला सीईसी म्हणतात, त्याच्यामुळं टीव्हीच्या रिमोटनंच आतल्या अँपचा नाहीतर साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो, टीव्ही बंद केला की तेही बंद होतात. प्रत्येक कंपनीनं नाव वेगळं दिलंय म्हणून लोकांना सापडत नाही: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये इझीलिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, साउंडबारमध्येही चालू करा, आणि वायर टीव्हीच्या ज्या भोकावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय त्यातच घाला. पण सेट टॉप बॉक्सचे चॅनेल ह्यातून सगळीकडं बदलत नाहीत, आणि जुन्या मशीनला एचडीएमआयच नसतं, आप्पांच्या अँपला नाही, म्हणून आमचं ह्यानं भागलं नाही. तरी साउंडबारवाल्यांचं भागेल.

रिमोट चालला म्हणून काम संपत नाही, बंद कपाटात गरमी साठते. अँप सगळ्यात जास्त तापतो. त्याच्या डोक्यावर काही ठेवायचं नाही, सेट टॉप बॉक्स तर अजिबात नाही, आणि वर निदान चार बोटं, जमलं तर वीतभर जागा सोडायची. गरम हवा वर जाते म्हणून पाठीमागच्या प्लायला खाली एक भोक आणि वर एक भोक पाडायचं, नुसतं वर पाडून उपयोग नाही, गार हवा आत यायला वाट पाहिजे. आप्पा संध्याकाळी दोन-दोन तास गाणं ऐकतात, मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं तिथं तरुणपणी रात्रभर बसायचे, त्यांचं ऐकणं कमी व्हायचं नाही, म्हणून मी वरच्या भोकाला कॉम्प्युटरमध्ये असतो तो १२० एमएमचा पंखा बसवला, हवा बाहेर फेकणारा. पंखा बारा व्होल्टचा आहे पण नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर लावला की हळू फिरतो न् घरघर ऐकू येत नाही, फक्त जोडल्यावर नीट सुरू होतोय का ते बघून घ्या. तापमान बघून आपोआप चालू होणारा छोटा थर्मोस्टॅट बोर्ड मिळतो, पण तो लावलात तर आकडा ४० वर ठेवू नका, सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये हॉलच ३७-३८ ला असतो, पंखा थांबणारच नाही, ४५ च्या आसपास ठेवा.

आणि पाडलेल्या प्रत्येक भोकाला आतनं बारीक जाळी लावा. पाली गरम जागा शोधत येतात, मशीनच्या आत जाऊन मरतात न् बोर्ड शॉर्ट होतो, उंदीर वायर कुरतडतात. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

भिंत फोडायची असेल तर वायरमनला सांगून कपाटापासून टीव्हीपर्यंत झिरी मारून दोन इंची पाईप टाकून घ्या. लाइटच्या फिटिंगचा पाऊण-एक इंची पाईप टाकला की एचडीएमआयचं टोक वळणावर अडकतं, मग परत भिंत फोडा. पाईपमध्ये एक नायलॉनची दोरी मोकळी सोडून ठेवा, उद्या नवी वायर ओढायची झाली तर तीच कामाला येते. करंटची वायर त्याच पाईपमधून घालायची नाही, तिला वेगळा पाईप. टीव्ही न् कपाट लांब असेल, पाच मीटरच्या पुढं, तर फोर-केसाठी साधी एचडीएमआय वायर भरवशाची राहत नाही, फायबरची घ्या, पण तिला दिशा असते, एका टोकावर मशीन न् दुसऱ्यावर टीव्ही असं लिहिलेलं असतं, भिंतीत घालायच्या आधी वाचा आणि जमिनीवर लावून चालवून बघा.

ज्यांच्या घरात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी पोरं आहेत त्यांनी रिपीटर घरी करायलाही हरकत नाही. माझा भाचा सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकतो, त्यानं एक केला. पहिल्यांदा त्यानं टीसॉप १७३८ च्या, म्हणजे रिमोटचा उजेड पकडणाऱ्या सेन्सरच्या, आउटपुटला सरळ इन्फ्रारेड एलईडी जोडला न् काहीच चाललं नाही, कारण टीसॉप ३८ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळाचं, लुकलुकणं काढून टाकून नुसता कोड बाहेर देतो. ते लुकलुकणं परत तयार करायला ५५५ ची आयसी, म्हणजे ठरावीक वेगानं चालू-बंद होणारी टायमरची चिप, ३८ किलोहर्ट्झवर चालवायची आणि टीसॉपच्या सिग्नलनं तिच्या चार नंबरच्या पिनला चालू-बंद करायचं, पण टीसॉपचा सिग्नल उलटा असतो, काही नसताना वर न् कोड आला की खाली, म्हणून मधे एक ट्रान्झिस्टर घालून तो सुलटा करावा लागतो. हे केल्यावर चाललं. मुलांना शिकायला फार छान आहे, फक्त पाच व्होल्टच्या चार्जरवरच करायला सांगा, २३० व्होल्टच्या जवळ नको.

आता जे सांगणार आहे ते गावभाग, आणि नदीकाठच्या बाकीच्या लोकांसाठी. कपाट टीव्हीच्या खाली म्हणजे जमिनीलगत येतं, आणि आपण सगळ्यात जड म्हणून अँप तळाच्या खणात ठेवतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २००५ न् २०२१ लाही ४५ ओलांडलंच. एवढं पाणी आलं तर वरची फळी पण वाचवणार नाही, पण वस्तू उचलून माडीवर न्यायला वेळ किती लागतो हे आपल्या हातात असतं. म्हणून मी अँप वरच्या खणात घेतला, एक्स्टेन्शन बोर्ड तळाला न ठेवता आतल्या बाजूच्या फळीला कमरेएवढ्या उंचीवर स्क्रूनं मारला, आणि प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहिलं: 'आप्पा अँप', 'बॉक्स', 'डबी'. एमिटरवर पण लिहिलं, कारण ते सगळे सारखेच दिसतात. पाणी ३५ फुटांवर आलं की पिना काढायच्या न् वस्तू वर न्यायच्या, आणि परत खाली आणल्यावर कुठली वायर कुठं ते मी घरात नसले तरी आप्पांना लावता येतं, मागच्या महिन्यात रंगकामाला सगळं काढलं होतं तेव्हा त्यांनीच परत जोडलं.